एकच सॅक आणि कात्रजचा घाट

शुक्रवारी रात्री नऊनंतर कात्रज चौकात पाच मिनिटं उभे राहा. दिसते ती माणसांची गर्दी नव्हे. काळ्या सॅक ओळीनं उभ्या असतात, प्रत्येकीला एकेक माणूस टांगलेला.

कोणी कोल्हापूरला निघालेला, कोणी सांगलीला, कोणी बेळगाव ओलांडून थेट बंगळूरला. गावं वेगळी, ट्रॅव्हल्स वेगळ्या, सॅक मात्र तीच. ऑफिसची. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप वाहून दमलेली आणि शुक्रवारी रात्री ओव्हरटाइमवर आलेली.

"सामान काय आहे?" गाडीचा क्लीनर डिकी उघडत विचारतो.

"काही नाही. एकच सॅक."

हे 'एकच सॅक' ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर ओळखीचा आहे. 'आमच्याकडे टीव्हीच नाही' म्हणणारे याच सुरात बोलतात.

क्लीनर खाली बघतो. पायाशी कापडी पिशवी. हातात मिठाईचा पुडा. मनगटाला जेवणाचा डबा. शेजारी बायको, आणि तिच्या हातात चाकांची भली मोठी बॅग.

ती बायकोची.

आत निम्मे शर्ट याचे.

'कात्रजचा घाट दाखवणे' याचा वाक्यात उपयोग करून आपण सगळ्यांनी शाळेत मार्क मिळवलेले आहेत. १६६३ साली लाल महालात शाइस्तेखानाची बोटं गेली, महाराज सिंहगडाकडे निसटले आणि इकडे कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडेच पळवलं, अशी ती कथा. मोगल पलित्यांमागे धावले.

आपण कप्प्यांमागे धावतो.

सॅकच्या दुकानात जाऊन बघा. विक्रेता एकेक चेन उघडत जातो, गारुड्यानं पेटारी उघडावी तशी. हा पेनांचा. हा मोबाइलचा. हा पॉवर बँकेचा. हा गॉगलचा. हा पाठीमागचा, चोराला न सापडणारा. हा पासपोर्टचा. घेणारा निघालेला असतो कराडला, पण पासपोर्टचा कप्पा बघून त्याची मान आपोआप ताठ होते.

"आणि कपडे?" कोणीतरी शहाणा विचारतो.

विक्रेता क्षणभर थबकतो. "मधल्यात बसतील की!"

मधला म्हणजे उरलेला. लॅपटॉपला फोमची गादी, पेनाला स्वतंत्र खोली, गॉगलला मखमली अस्तर, आणि तीन दिवसांच्या कपड्यांना धर्मशाळा. बसतील तसे बसा. उभे राहा, पण चेन लागू द्या.

चोराला न सापडणाऱ्या कप्प्याबद्दल एकच शंका आहे. चोरानं ती जाहिरात बघितलेली नसते का?

चेनला आकड्यांचं कुलूपही असतं. छान असतं. फक्त त्या चेनचे दात साध्या बॉलपेनच्या टोकानं फाकवता येतात. आणि बॉलपेन कुठे असतं? पहिल्याच कप्प्यात. बाहेरून.

यूएसबीचं भोक हा तर या शतकातला विनोद. सॅकला बाहेरून चार्जिंगची सोय! आपण हरखतो. घरी येऊन कळतं, की आत एक वायर लोंबकळते आहे आणि तिचं दुसरं टोक आपल्या पॉवर बँकेला जोडायचं आहे. नळ त्यांचा, पाणी आपलं.

पाण्यावरून आठवलं. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. केवढा तो खटाटोप! आज त्याची गरज नाही. बाजूच्या जाळीत बाटली मावत नाही म्हणून ती मधल्या कप्प्यात ठेवा, झाकण अर्धा आटा कमी फिरवा. शिरवळ यायच्या आत पाणी कीबोर्डपर्यंत पोचतं.

पावसाळ्यात तर बाटलीचीही गरज नसते. सॅकवर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 'शिंतोडे सोसेल' एवढाच. आपण वाचतो 'वॉटरप्रूफ'. पाऊस चेनच्या दातांमधून आत येतो, मुकाट्यानं. त्यावर उपाय म्हणून पावसाळी टोपडं दिलेलं असतं खरं, पण ते सॅकच्या बुडाशी एका गुप्त कप्प्यात. तो कप्पा सापडायला सॅक उलटी धरावी लागते. उलटी धरली, की इतर सगळे कप्पे आपापला ऐवज कात्रजच्या चिखलात सादर करतात.

टोपडं मात्र कोरडं निघतं.

आता वजन. घरचा काटा काढा. रिकामी सॅक पाऊण-एक किलो. लॅपटॉप दीड-दोन किलो. चार्जर, त्याची विटेएवढी ठोकळी, माउस, हेडफोन, पॉवर बँक मिळून आणखी एक. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, हे तरी शाळेतलं आठवत असेल. साडेचार-पाच किलो झाले.

अजून एक बनियनही आत गेलेलं नाही.

१९८१ साली ऑस्बोर्न नावाचा एक संगणक बाजारात आला. उचलून नेता येतो म्हणून जगभर गाजला. वजन अकरा किलोंच्या आसपास, आणि आत बॅटरी नव्हती. लोक तो शिवणयंत्रासारखा हातात धरून विमानतळावर पळत. चाळीस वर्षं शास्त्रज्ञांनी घाम गाळला आणि अकराचे दीड किलो करून दाखवले. आपण गप्प बसलो नाही. उरलेल्या साडेनऊ किलोंची सोय करून टाकली.

मुलांच्या दप्तरासाठी निदान धोरण तरी आहे. २०२० सालचं राष्ट्रीय धोरण म्हणतं, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे नको. मुलाचं दप्तर जड झालं की पालक शाळेत भांडायला जातात. जाताना पाठीवर काय असतं?

विचारू नका. मणका दुखतो.

यावर सॅकवाले म्हणतील, पाठीवर वजन घेऊन लोक डोंगर चढतात, तुम्हाला एसटी स्टँड झेपत नाही? झेपतं. पण डोंगर चढणाऱ्यांची सॅक बघितली आहे का? आमच्या कात्रजलाच बघता येते. जुन्या बोगद्याजवळ, वाघजाईच्या देवळापासून रात्री कात्रज ते सिंहगड चालत निघणारी पोरं जमतात. 'केटूएस' म्हणतात ती त्याला. टेकडीमागून टेकडी, रात्रभर. त्यांच्यातल्या जाणत्यांच्या सॅकला कमरेपाशी चांगला जाड पट्टा असतो. तो आवळला की वजन खांद्यांवरून उतरतं आणि कमरेवर, म्हणजे पायांवर जातं. चालतात पाय, वाहतातही पाय. खांदे फक्त तोल सांभाळतात.

लॅपटॉपच्या सॅकला असा पट्टा नसतो. असला तर पायजम्याच्या नाडीएवढा.

कसा असेल? ही सॅक चालण्यासाठी शिवलेलीच नाही. ती पार्किंगपासून लिफ्टपर्यंत जाण्यासाठी शिवली आहे. तिला लिफ्टमध्ये सोडायचं सोडून कोल्हापूरला नेणारे आपण.

हो, दर खेपेला एखादा नवखा केटूएसलाही ऑफिसचीच सॅक घेऊन येतो. तिसऱ्या टेकडीवर तो खांदे चोळायला लागतो. पाचव्या टेकडीवर सॅक पोटावर येते. पहाट होता होता ती दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर असते. मित्र असतात ते यासाठीच.

गर्दीत या सॅकचा आणखी एक गुण कळतो. ती पाठीवर चढली, की माणूस मागच्या बाजूनं दीड फूट वाढतो आणि त्याला ते कोणी कळवत नाही. कात्रज-स्वारगेट बसमध्ये तो तिकिटासाठी वळतो, मागच्या आजोबांचा चष्मा जातो. चष्म्यासाठी 'सॉरी' म्हणायला पुन्हा वळतो, आजींची पिशवी जाते. २००६ साली देशातल्या बीआरटीचा पहिला प्रयोग याच रस्त्यावर झाला. बसला स्वतंत्र मार्गिका दिली. सॅकला द्यायची राहिली.

आता मेट्रो येणार आहे. स्वारगेट ते कात्रज, ५.४६ किलोमीटर, सगळी जमिनीखालून. केंद्रानं ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरीही दिली. तोवर सॅक पोटावर घ्या. मुंबईकर लोकलमध्ये कधीपासून घेताहेत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, सगळ्या शहरानं तान्ही बाळं झोळीत घातली आहेत. बाळाचं नाव डेल किंवा एचपी.

दुचाकीवरचा संसार बघा. पुढे नवरा, मागे बायको, मध्ये सॅक. लग्नाआधी दोघांत अंतर असावं म्हणून वडीलधारे धडपडत. लग्नानंतर ते काम पंधरा इंची लॅपटॉप करतो.

विमानात तरी सुखानं जाईल म्हणाल, तर लोहगावला तपासणीच्या पट्ट्यापाशी उभे राहा. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवा, असा हुकूम होतो. सॅक लॅपटॉपची, कप्पा लॅपटॉपचा, पण मधला कप्पा इतका ठासलेला, की लॅपटॉप फणसाच्या गऱ्यासारखा ओढून काढावा लागतो. तो निघतो. त्याला चिकटून एक मोजा निघतो. मग दुसरा. मग जे निघतं ते मागच्या बाई बघत नाहीत असं आपण मानतो.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती सोबतच लागते. शंभर वॉट-तासांपेक्षा मोठी असली तर एअरलाइनला विचारावं लागतं. वीस हजारवाली साधारण चौऱ्याहत्तर वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. हा हिशेब पाठ असलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांना विचारा, टॉवेल घेतला का?

टॉवेल! इथे खरी गंमत आहे.

'एकच सॅक'वाला पाहुणा म्हणून उतरतो तेव्हा त्या घरात काय होतं ते बघण्यासारखं असतं. "भावजींचं सामान किती कमी बाई! नाहीतर तुम्ही," असं वहिनी आपल्या नवऱ्याला सुनावते. भावजी संकोचानं हसतात. मग विचारतात, "वहिनी, जरा टॉवेल मिळेल?" मग साबण. मग तेल. मग "दादा, तुझा एखादा लेंगा?" मग चार्जर, कारण लॅपटॉपचा आणला आणि मोबाइलचा राहिला. रात्री पांघरूण. सकाळी दाढीचा ब्रश. दुसऱ्या दिवशी दोरीवर भावजींचं धुणं वाळत असतं आणि दादा कपाट उपसत असतो. आपला निळा शर्ट गेला कुठे?

कमी सामानात फिरायचं गुपित एवढंच. बाकीचं सामान लोकांच्या घरी ठेवायचं.

आमच्या आधीची पिढी याबाबतीत सरळ होती. होल्डॉल असायचा. त्यात गादी, चादर, उशी, टॉवेल, कडेच्या खिशात चप्पल. वर पट्ट्यांनी करकचून आवळलेला, स्टेशनवर दोघांनी उचलायचा. सोबत लोखंडी ट्रंक, पाण्याचा फिरकीचा तांब्या, स्टोव्ह, मेणबत्ती, दोरी, अमृतांजन. एवढं कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"लागलं तर."

मराठी माणसाचा सगळा प्रवास या दोन शब्दांवर उभा आहे. दोरी लागली तर. मेणबत्ती लागली तर. आम्ही त्या पिढीला हसलो, होल्डॉल माळ्यावर टाकला, ट्रंक भंगारात घातली. सुटसुटीत झालो.

आणि भाच्याच्या मुंजीला लॅपटॉप घेऊन निघालो.

कशाला?

लागला तर.

आणि तो लागतोच. मेणबत्ती सहसा लागायची नाही. दोरी तर कोणाला लागलेली आठवत नाही. लॅपटॉप मात्र हमखास लागतो. इकडे बटू भिक्षावळीला उभा, तिकडे मामा माळ्यावर रेंज शोधतोय. "पाच मिनिटांचा कॉल आहे." पंगत उठते, मामा उतरत नाही. बॉसला कसं कळलं, की लॅपटॉप बरोबर आहे?

मामानंच सांगितलं होतं. "आहे माझ्याकडे, लागला तर बघतो."

आणला नसता तर लागला असता का? हा प्रश्न विचारायचा नसतो. त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. सॅक ऑफिसनं दिलेली आहे, पहिल्याच दिवशी, बाटली आणि वहीबरोबर, फुकट. फुकट मिळालेल्या गोष्टीला पट्टे दोन का असतात, असा विचार तेव्हा कोणी केला नाही.

वारकरीही लांबचाच प्रवास करतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या घरात किलोमीटर, जवळपास तीन आठवडे, तेही पायी. खांद्याला पडशी. वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये असते, मान्य. पण त्याच्या पडशीत एचडीएमआयची केबल नसते.

आपल्या सॅकमध्ये असते. कोणत्या प्रोजेक्टरची? ते केबललाही आठवत नसेल. सॅकचा सगळ्यात आतला कप्पा एकदा उलटा करून बघा. कुठल्या तरी वर्कशॉपचा गळ्यातला बिल्ला. तीन पेनं, त्यातलं एक चालणारं. दोन पेनड्राइव्ह, दोन्ही रिकामे. जेवणाच्या बिलाची कोरी झालेली पावती, जिचे पैसे कंपनीकडून घ्यायचे राहून गेले. कागदाला घट्ट चिकटलेली आल्याची वडी. हे सगळं आपण दर शुक्रवारी कोल्हापूरला फिरवून आणतो. पुण्यापासून २३० किलोमीटर जाताना, २३० येताना.

वडीनं एव्हाना महाराष्ट्र पाहिला असेल.

स्लीपर कोचमध्ये या सॅकची खरी ओळख पटते. डिकीत टाकायची तर क्लीनर आधीच सांगतो, "काचेचं-बिचेचं असेल तर तुमची जबाबदारी." लॅपटॉप म्हणजे काचच की. मग ती वर, आपल्याबरोबर, आपल्याच बर्थवर. पायाशी ठेवली तर पाय दुमडावे लागतात. कुशीत घेतली तर संसारी माणसाला बरं दिसत नाही. शेवटी ती उशाला जाते. चार्जरची ठोकळी नेमकी कानाखाली येते. कोल्हापूर येतं तेव्हा कानावर व्होल्ट आणि अँपिअरसकट शिक्का उमटलेला असतो.

आई दारातच विचारते, "एवढंच घेऊन आलास?"

"हो. एकच सॅक."

आईचा चेहरा उजळतो. आपल्याला वाटतं, पोराचा सुटसुटीतपणा आवडला.

तिनं सॅकमधली जागा बघितलेली असते.

जाताना कशीबशी भरलेली सॅक येताना कशी भरायची, याचं शास्त्र कुठल्याही कंपनीनं अजून शोधलेलं नाही. ते आयांकडे आहे. गुळाची ढेप तळाला. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पिशवीत बांधून कडेला, म्हणजे तो कोपऱ्यात मावेल तसा मावतो. कांदा-लसूण चटणी बरणीत, बरणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ते सगळं तुमच्या इस्त्रीच्या शर्टात. शर्टाचं काय? "धुवायचाच होता ना?" पेनाच्या कप्प्यात तमालपत्र जातं. गॉगलच्या मखमलीत लिंबं. पासपोर्टच्या कप्प्यात भावकीतली लग्नपत्रिका. त्या कप्प्याला आयुष्यात प्रथमच काम मिळतं.

मग तिचा हात फोमच्या कप्प्यावर जातो. ती तो दाबून बघते. पुन्हा दाबते.

"ही जागा मऊ आहे बरी. अंडी राहतील."

"आई, तिथं लॅपटॉप असतो."

"तो घे की हातात!"

त्या खेपेला बरीच तडजोड झाली. दोन डझन गावठी अंडी स्टीलच्या डब्यात, भुशात, माझ्या मांडीवर. तांदूळ आणि गूळ पोत्यात. सॅकमध्ये लॅपटॉप, कपडे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. गाडी भरलेली. मांडी एकच. क्लीनर म्हणाला, दोन्हीपैकी एक खाली द्या.

अंडी मांडीवर राहिली. लॅपटॉप डिकीत गेला.

पहाटे पाचला कात्रज. झोपेत उतरलो. क्लीनरनं डिकीतून सॅक काढून ओळीनं रस्त्यावर मांडल्या. सगळ्या काळ्या, सगळ्या फुगलेल्या, पिवळ्या दिव्याखाली सगळ्या सारख्याच केविलवाण्या. एक उचलली. पोतं दुसऱ्या हातात, अंडी छातीशी. रिक्षावाल्यानं सॅककडे बघितलंही नाही. पोत्याकडे बघितलं आणि भाडं सांगितलं.

सकाळी चपातीबरोबर चटणी काढली. जवसाची निघाली. आईनं या खेपेला बदल केला असेल म्हणून खाल्ली. चांगली होती. पुन्हा घेतली. रविवारी रात्रीही घेतली.

शंका आली ती सोमवारी. लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, चुकला. तिसऱ्यांदा बोटं आपटत टाकला. मग पडद्यावरचं नाव वाचलं.

मी नव्हतो.

आधी घाम फुटला. मग सॅक उलटी केली, निदान ही कोणाची ते तरी कळावं म्हणून. चार्जर माझ्यासारखाच. माउस माझ्यासारखाच. गळ्यातला बिल्ला, एचडीएमआयची केबल, तीन पेनं. दोन दिवस ती सॅक माझ्या घरात होती आणि परकी वाटली नव्हती. बाहेरच्या कप्प्यात त्याचं ऑफिसचं ओळखपत्र सापडलं, त्यावर नंबर. फोन लावला.

"अहो, मी सकाळपासून पासवर्ड टाकतोय!" पलीकडून आवाज आला.

संध्याकाळी कात्रज चौकात भेटलो. तोही आंबेगावात भाड्यानं राहणारा, गाव गडहिंग्लजच्या बाजूचं. दोन काळ्या सॅक दोघांच्या पायांशी. कोणती कोणाची, यावर पुन्हा अर्धं मिनिट गेलं. चेन उघडून लॅपटॉप तपासले. झाकणं वर झाली, नावं आपापली निघाली, जीव भांड्यात पडला.

"सगळं ठीक आहे ना?" त्यानं विचारलं.

"ठीक आहे. फक्त तुमची चटणी संपली."

तो जरा गप्प झाला. "तुमचीही," म्हणाला.